बारा वाजून चाळीस मिनिटं

“एकदासुद्धा रडली नाही हो पोरगी. इतकी समजूतदार, की आम्हा मोठ्यांनाच लाज वाटावी,” आत्या म्हणाली आणि तिनं शाळेच्या ऑफिसच्या खिडकीतून अर्ज आत सरकवला.

“मग त्यात कौतुक कसलं?” आतल्या कारकून बाई म्हणाल्या.

आत्या ओशाळं हसली. तिच्या मागे मुलीचा बाप उभा होता, हातात हेल्मेट घेऊन, आणि त्याच्या बाजूला ती मुलगी. चौदा वर्षांची, दोन घट्ट वेण्या घातलेली, नुकतीच नववी पास झालेली. तिची आई जाऊन सात आठवडे झाले होते. अर्ज होता शाळा सोडल्याच्या दाखल्याचा. मुलीला आणि तिच्या सहा वर्षांच्या भावाला आत्या आपल्या गावी घेऊन जाणार होती, आजच दुपारी.

“तिकडे शाळा कुठली ठरवलीत?”

“बघू की. आधी धाकटा रुळू दे. त्याला हिच्याशिवाय घास जात नाही. आता हीच त्याची आई,” आत्या म्हणाली. “दहावी काय, बाहेरूनही देता येते. हुशारच आहे ती.”

“मला चालेल, बाई,” मुलगी म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं तरी म्हणाली.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शाळेच्या ऑफिसात त्यांची एकतीस वर्षं झाली होती. मुलं त्यांना पाठीमागे ‘करवत’ म्हणत. एकदा कुणीतरी ते बाकावर कोरून ठेवलं, तेव्हा बाईंनी कोरणाऱ्याला शोधून काढून त्याच्याकडून बाक घासून घेतला आणि नाव बरोबर आहे असं सांगून त्याला सोडून दिलं. अशा या बाईंनी आजवर कुणाचा कागद अडवला नव्हता. दाखला मागायला आलेला माणूस खुर्चीत टेकतो न टेकतो तोच त्याच्या हातात दाखला पडत असे. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, शेजारच्याच खोलीत बसल्या होत्या. सही दोन मिनिटांत झाली असती.

“मोठ्या बाई कामात आहेत. बारा वाजता या,” बाई म्हणाल्या.

“बारा? अहो, आमची बांधाबांध व्हायचीय.”

“मग ती करून या. हिला राहू दे इथे. मला मदतीला माणूस हवंय.”

आत्या पुटपुटत गेली. बाप व्हरांड्यातल्या बाकावर बसला. मुलगी खिडकीला वळसा घालून आत आली, दारात चपला काढल्या, त्या सरळ लावल्या आणि म्हणाली, “काय करू?”

बाईंना तिच्याकडे बघवेना. त्याचं कारण शाळेत दोघींनाच माहीत होतं, त्यांना स्वतःला आणि मोठ्या बाईंना.

सात आठवड्यांपूर्वी, वार्षिक परीक्षेत गणिताचा पेपर होता त्या दिवशी, सकाळी आठ पस्तीसला ऑफिसचा फोन वाजला होता. बाईंनीच तो घेतला होता. पलीकडून एका माणसाचा घोगरा आवाज आला. त्यानं मुलीचं नाव, वर्ग, तुकडी सगळं नीट सांगितलं आणि मग म्हणाला, “तिची आई गेली हो. आत्ता, आठ वाजून दहा मिनिटांनी. पण तिला सांगू नका. पेपर देऊ द्या तिला. वर्ष वाया जाईल तिचं.” बाईंनी ते जाऊन मोठ्या बाईंना सांगितलं. मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “वडिलांचीच इच्छा आहे तर आपण कोण मध्ये पडणार?” असं म्हणून त्या घंटेची वेळ बघायला गेल्या. बाईसुद्धा मूग गिळून बसल्या. आई होती ते हॉस्पिटल शाळेपासून वीस मिनिटांवर होतं. मुलगी तेव्हा पायऱ्यांवर बसून प्रमेय घोकत होती.

एवढ्यावर भागलं असतं तरी बाईंनी स्वतःला कसंबसं माफ केलं असतं. पण दहाच्या सुमाराला पुरवण्यांचा गठ्ठा घेऊन त्या हॉलमध्ये गेल्या, आणि तिसऱ्या रांगेतून त्याच मुलीनं हात वर केला. बाईंनी तिला पुरवणी दिली. मुलगी हसून हळूच म्हणाली, “अजून एक द्या ना बाई. आज मस्त जातोय.” आणि बाईंनी दुसरी पुरवणी दिली. वर “शाब्बास” म्हणाल्या. हे ‘शाब्बास’ त्यांना अजून घास गिळताना आठवत असे.

पुढे निकाल लागला. गणितात अठ्ठ्याऐंशी. मोठ्या बाईंनी सगळ्या शाळेसमोर मुलीला पुढे बोलावलं आणि माईक हातात घेऊन सांगितलं, की घरात एवढं मोठं संकट असतानाही ही मुलगी डगमगली नाही, हिनं पेपर दिला, हिच्याकडून धैर्य शिका. टाळ्या झाल्या. मुलगी मान खाली घालून उभी होती. काय बोलतायत काय या मोठ्या बाई! कसलं धैर्य? तिला माहीत तरी होतं का? आपण सगळ्यांनी मिळून एका पोरीला फसवलं, आणि आता त्याच्यावर टाळ्या? बाई मागच्या रांगेतून उठून बाहेर गेल्या आणि नळाखाली तोंड धूत बसल्या.

आता तीच मुलगी समोर उभी होती आणि विचारत होती, काय करू.

ऑफिसच्या मागे एक कोंदट खोली होती, जुन्या कागदांची. तीन वर्षं उलटलेल्या उत्तरपत्रिका रद्दीत देण्याआधी फाडून टाकायच्या, असा शाळेचा नियम होता, म्हणजे कुणी त्यांचा भलताच उपयोग करू नये. बाईंनी मुलीपुढे एक गठ्ठा ठेवला आणि स्वतः समोरच्या स्टुलावर बसल्या.

“हे फाडायचे.”

मुलीनं पहिली उत्तरपत्रिका उचलली, मधोमध घडी घातली, घडीवर नख फिरवलं आणि फाडली. परत घडी, परत नख. चार सारखे तुकडे एकावर एक रचून ठेवले. दुसरीचेही तसेच.

“इतकं नीट कशाला?” बाई म्हणाल्या. “कचऱ्यातच जायचंय.”

“सवय लागलीय. घरी पसारा झाला की बाबांना त्रास होतो.”

“आणि तुला?”

“मला काही होत नाही.” तिनं पुढची घडी घातली. “सकाळी पाचला उठते. धाकट्याचा डबा, बाबांचा डबा, कपडे. मग तो उठायच्या आत आईचा गाऊन उशीखाली लपवते, नाहीतर तो नाकाला लावून बसतो आणि शाळेत जात नाही. आत्या म्हणाली, आता असंच करायचं.”

बाईंनी पुढच्या गठ्ठ्याची दोरी सोडायला घेतली. बोलल्या असत्या तर आत्याचा उद्धार झाला असता, आणि तो पोरीच्या कानावर पडण्याजोगा नव्हता.

थोड्या वेळानं मुलगीच म्हणाली, “बाई, एक विचारू? त्या दिवशी पेपर सुटल्यावर तुम्ही गेटवर होतात का?”

“का गं?”

“मी किती वाजेपर्यंत होते तिथे, ते बघितलंत का? मला वाटतं साडेबारा तरी झाले असतील.” ती खाली बघून बोलत होती, हात चालूच होते. “पेपर बाराला सुटला. बाबा गेटबाहेर स्कूटरवर थांबले होते. पण आम्ही उत्तरं ताडून बघत होतो. सातव्या प्रश्नावरून माझं नि मैत्रिणीचं भांडण झालं. मग पुस्तक काढलं. मीच बरोबर होते. बाबांनी मुळीच घाई केली नाही. आणि मग जाताना वाटेतच त्यांना हॉस्पिटलातून फोन आला. बारा चाळीसला. मी घड्याळ बघितलं होतं.”

“कसला फोन?”

“आई गेल्याचा.” तिनं घडीवर नख फिरवलं. “म्हणजे मी सरळ निघाले असते तर बारा वीसला पोचले असते. वीस मिनिटं मिळाली असती. मी तिला आदल्या दिवशी सांगून आले होते, पेपर झाला की लगेच येते. ती वाट बघत असणार ना? आणि मी सातवा प्रश्न घेऊन बसले होते.”

तिनं पुढची उत्तरपत्रिका उचलली.

“हे तू घरी कुणाला बोललीस?”

“नाही. बाबांना माहीत असणारच. ते तिथेच तर होते. पण ते मला एका शब्दानं बोलत नाहीत. म्हणून मी सगळं काम करते. रडत पण नाही. मी कुठल्या तोंडानं रडू?”

बाई स्टुलावरून उठल्या आणि परत बसल्या. सात आठवडे. सात आठवडे ही पोर पहाटे पाचला उठून एका न केलेल्या गुन्ह्याची शिक्षा भोगत होती, आणि घरदार, शाळा, सगळी थोर माणसं तिच्या पाठीवर थाप मारून तिला समजूतदार म्हणत होती! त्यांना बापाचा राग आला, आत्याचा आला, माईकवर बोलणाऱ्या मोठ्या बाईंचा आला, आणि सगळ्यांत जास्त आला तो फोनच्या या टोकाला बसलेल्या एका म्हाताऱ्या कारकून बाईचा. दाखल्यावर सही झाली की ही मुलगी ते बारा वाजून चाळीस मिनिटं घेऊन आयुष्यभरासाठी निघून जाणार होती. सांगायला दुसरं कुणी नव्हतं. सांगितलं तर बापाचा शब्द मोडणार होता, मोठ्या बाई नोकरीवर उठणार होत्या, आणि ही मुलगी बाईंचं तोंड पुन्हा कधी बघणार नव्हती.

“ते ठेव खाली,” बाई म्हणाल्या. “माझ्याकडे बघ. तुझी आई बारा चाळीसला गेली नाही.”

मुलीनं बघितलं.

“सकाळी गेली. आठ वाजून दहा मिनिटांनी. पेपर सुरू व्हायच्या आधी. तू बाराला निघाली असतीस काय, अकराला निघाली असतीस काय, तुझी भेट झालीच नसती. तू घालवलेल्या अर्ध्या तासाचा त्याच्याशी काही संबंध नाही.”

“नाही. बारा चाळीस. बाबांना फोन आला माझ्यासमोर.”

“तो फोन कुणाचा होता ते मला माहीत नाही. मला आठ पस्तीसचा फोन माहीत आहे. तो तुझ्या बाबांनी इथे केला होता. मीच घेतला.”

मुलीनं हातातला कागद खाली ठेवला. मग एक एक पायरी उतरावी तसं विचारत गेली.

“आठ पस्तीसला मी पायऱ्यांवर होते.”

“हो.”

“तुम्ही खिडकीतून मला बघितलंत.”

“बघितलं.”

“मग तुम्ही हॉलमध्ये आलात, पुरवण्या घेऊन. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“मी अजून एक मागितली तेव्हा?”

“तेव्हाही.”

“तुम्ही शाब्बास म्हणालात.”

“म्हणाले,” बाई म्हणाल्या. “चुकलं माझं.”

वडिलांनी सांगितलं होतं, मोठ्या बाईंनी ठरवलं होतं, असं म्हणणं अगदी जिभेच्या टोकावर होतं. बाईंनी ते तिथेच ठेवलं.

मुलीनं समोरची ती नीट रचलेली चळत दोन्ही हातांनी भिरकावली. “मी हसत होते!” ती ओरडली. “माझी आई मेली होती आणि मी हसत होते! सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून! मला उभं करून टाळ्या वाजवल्यात तुम्ही! मूर्ख समजता का मला?” तिनं अख्खा गठ्ठा उचलला आणि फेकला. तो बाईंच्या खांद्यावर बसला. बाई हलल्या नाहीत. “आई माझी होती ना? की तुमची होती? तुम्ही कोण ठरवणार मला कधी सांगायचं ते?”

“कुणीच नाही,” बाई म्हणाल्या.

“जा तुम्ही! बाहेर जा इथून!”

एकतीस वर्षांत बाईंना त्यांच्याच खोलीतून कुणी हाकललं नव्हतं. त्या मुकाट्यानं उठल्या आणि बाहेर गेल्या.

व्हरांड्यात बाप बाकावरून उठून उभा होता. आवाज त्याच्यापर्यंत पोचला होता. बाईंनी त्याच्यासमोर जाऊन सरळ विचारलं, “बारा चाळीसला तुम्हाला फोन कुणाचा आला होता?”

माणसाचा चेहरा उतरला. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करत असे. हातांना ग्रीसचे काळे डाग होते, ते त्यानं हेल्मेटमागे लपवले.

“कुणाचाच नाही,” तो शेवटी म्हणाला. “सिग्नलला थांबलो आणि नुसताच कानाला लावला. मला दुसरं सुचेना, मॅडम. मी गेटबाहेर उभा होतो, ती मैत्रिणींबरोबर हसत होती. किती दिवसांनी हसत होती. मला ते मोडवेना. म्हटलं, अजून पाच मिनिटं हसू दे. अजून पाच मिनिटं.” मग म्हणाला, “आमच्या कामात असंच असतं. लिफ्टमध्ये माणूस अडकला की खरी वेळ सांगत नाही आम्ही. आलोच दोन मिनिटांत, असं म्हणत राहायचं. दोन तास लागणार असले तरी. नाहीतर माणूस घाबरून मरतो.”

“पण शेवटी दार उघडता ना त्याचं? की दोन मिनिटं, दोन मिनिटं म्हणत घरी निघून जाता?”

तो हेल्मेटचा पट्टा ओढत राहिला.

“तिला वाटतंय, ती गेटवर रेंगाळली म्हणून तिची आईशी भेट चुकली. तुम्ही तिच्यावर रागावला आहात, म्हणून बोलत नाही, असं वाटतंय तिला. त्याचीच भरपाई चाललीय सात आठवडे.”

“काय?” बाप म्हणाला. तो खाली बसला. “अहो, मी… मला तिच्याकडे बघता येत नाही म्हणून मी… म्हणून तर बहिणीला म्हटलं, घेऊन जा. ती माझ्याशी भांडत नाही, रुसत नाही. काही मागत नाही. रोज डबा हातात देते. मला वाटायचं, हिला कळलंय सगळं, आणि हिनं मला मनातून काढून टाकलंय.”

“आता कळलंय. मी सांगितलं. तुमचा शब्द मोडला, त्याबद्दल माझी तक्रार हवी तिथे करा. पण आधी आत जा.”

“चिडलीय?”

“भयंकर.”

“काय सांगू मी तिला?”

“काय विचारेल ते. आठ वाजल्यापासून पुढचं सगळं. कोण होतं, आई काय म्हणाली, काही म्हणाली का, तिच्या अंगावर कुठली चादर होती. एकही मिनिट बदलायचं नाही. आणि तिनं काही फेकून मारलं तर चुकवायचं नाही.”

बाप उठला. दारापर्यंत गेला, थांबला, आणि हेल्मेट बाईंच्या हातात देऊन आत गेला. बाईंनी ऑफिसचं दार ओढून घेतलं, खिडकीवर फळी सरकवली आणि दाराला पाठ लावून व्हरांड्यात उभ्या राहिल्या.

आधी काहीच ऐकू आलं नाही. मग मुलीचा आवाज आला, इतका मोठा की समोरच्या वर्गातल्या मुलांनी माना वळवल्या. “खोटारडे!” ती ओरडत होती. “खोटारडे! खोटारडे!” काहीतरी आपटलं. बापाचा आवाज आला नाही.

शेजारच्या खोलीतून मोठ्या बाई लगबगीनं बाहेर आल्या. “काय चाललंय काय आत? वर्ग चालू आहेत. कोण मुलगी आहे ती?”

“तुम्ही टाळ्या वाजवायला लावल्या होत्यात ना, ती,” बाई म्हणाल्या.

मोठ्या बाईंना समजायला एक क्षण लागला. मग त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, “तुम्ही सांगितलंत? अहो, आपलं ठरलं होतं! तिच्या भल्यासाठीच ना… बाजूला व्हा, मी समजावते तिला. तशी शांत मुलगी आहे.”

“नाही होणार बाजूला.”

“हे ऑफिस आहे!”

“माहीत आहे मला. त्या दिवशी नऊ ते बारा, तीन तास, आपण तिला तिच्या आईजवळ जाऊ दिलं नाही. आता तिला तीन तास लागले तर तीन तास कुणी आत जायचं नाही. सहा लागले तर सहा.”

बाईंचा आवाज चढला होता. मोठ्या बाई काही म्हणणार होत्या, पण त्यांनी चष्मा काढला, पुसत उभ्या राहिल्या आणि तो न घालताच आपल्या खोलीत परत गेल्या. नोटीस येईल, बाईंच्या मनात आलं. येऊ दे.

बाराला आत्या आली. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात सहा वर्षांचा धाकटा. “झाला का दाखला?”

“नाही.”

“म्हणजे? बसची वेळ होतेय. आणि ही आत कोण किंचाळतेय?” तिनं कान दिला आणि तिचे डोळे मोठे झाले. “आमची? अगं बाई! असं कधी करत नाही हो ती!”

“आज करतेय. बसा.”

आत्या बसली नाही, पण पुढेही आली नाही. धाकटा मात्र तिचा हात सोडवून बाईंजवळ आला आणि दाराकडे बघून म्हणाला, “ताई रडतेय?”

“हो,” बाई म्हणाल्या. “आईसाठी.”

त्यानं थोडा विचार केला. “मला पण जायचंय.”

आत्या “नको रे, चल,” म्हणून पुढे झाली. बाईंनी तिच्याकडे एकदाच बघितलं, आणि ती जागच्या जागी थांबली. मग बाईंनी दार हातभर उघडलं. आत बाप फाटक्या कागदांत जमिनीवर बसला होता, मुलगी त्याच्यासमोर, वेण्या सुटलेली, तोंड लाल झालेलं. धाकटा आत शिरला आणि बाईंनी दार पुन्हा लावून घेतलं.

खिडकीपाशी एव्हाना चार माणसं जमली होती, कुणी फॉर्म घ्यायला, कुणी सही घ्यायला. शिपाई येऊन हळूच म्हणाला, “बाई, काय सांगू यांना?”

“उद्या या म्हणावं.”

आतला आरडाओरडा आता थांबला होता. बाप बोलत होता, अडखळत, मध्येच नाक पुसत. त्याचं वाक्य संपलं की मुलीचा घोगरा आवाज येई, “मग?” तो पुढचं सांगे. पुन्हा “मग?”

बाई तशाच उभ्या होत्या. शिपायानं आणून ठेवलेल्या स्टुलावर त्या बसल्या नाहीत.